एकाच शिक्क्याची दोन तिकिटं

संस्थानं विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. डोंबिवलीला आमच्या घरी मला पाहायला पाहुणे आले, आणि वडिलांनी कौतुकानं माझा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम पुढे केला. मला चीड आली. दाखवायची मुलगी आहे की तिकिटं?

मुलगा ठाण्याचा, कोपरीचा. त्यालाही तोच नाद निघाला. माझं एका संस्थानाचं जुनं तिकीट पाहून तो म्हणाला, "हे माझ्याकडेही आहे." त्यानं खिशातल्या पाकिटातून ते काढलं आणि माझ्या तिकिटाशेजारी ठेवलं.

दोन्हींवर पोस्टाचा शिक्का त्याच कोपऱ्यात होता, तसाच तिरका, आणि त्यातलं तेच अक्षर अर्धं उठलेलं. हातानं मारलेला शिक्का दोनदा असा पडत नाही. दोन्ही तिकिटं नकली होती, शिक्क्यासकट छापलेली.

त्याच्याही ते लक्षात आलं. राग यायला हवा होता, पण येईना. आम्ही नुसते खाली बघत बसलो.

त्याची आई माझ्या आईला म्हणाली, "मानही वर करत नाहीत दोघं. आता विचारायचं काय राहिलं? साखर आणा."

मला कोणी विचारल्याचं अजून आठवत नाही.