पिवळी सुई, निळी सुई

घरातल्या थोरल्या सुनेने एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली. रक्त, लघवी सगळेच तपासत. पण सुजलेल्या सांध्यातून काढलेलं पाणी आलं की ते तिच्याच टेबलावर यायचं. कोपऱ्यातला पोलरायझरवाला सूक्ष्मदर्शक तिच्याशिवाय कुणाला कळत नसे.

तो तिला जुन्या डॉक्टरांनी शिकवला होता. "उजेड सगळ्या दिशांनी थरथरत येतो," ते म्हणाले होते. "खालची चकती, म्हणजे पोलरायझर, त्यातली एकच दिशा पुढे सोडते. वरची चकती तिला आडवी लावली की तीही अडते. मग काय दिसेल?"

"काही नाही. अंधार."

"बरोबर. आता मध्ये सांध्याच्या पाण्यातला स्फटिक ठेव. तो उजेडाचे दोन भाग करतो, एक चपळ, एक मंद. दोन्ही वर पुन्हा एकत्र येतात आणि त्या अंधारात स्फटिक तेवढा चमकतो."

शिवाय एक तिसरी काच होती. ती घातली की अंधाराच्या जागी गुलाबी-जांभळा रंग यायचा. तिच्या चौकटीवरचा बाण मंद किरणाची दिशा दाखवी. बाणाच्या रेषेत पडलेला सुईसारखा स्फटिक पिवळा दिसला तर तो युरिक ॲसिडचा, म्हणजे गाऊट हा सांधेदुखीचा आजार. निळा दिसला तर दुखणं दुसरं. स्फटिक तुटके, आखूड असले की आकारावरून काही उमगत नसे. सगळी भिस्त रंगावर.

दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ त्याच प्रयोगशाळेत लागली. थोरलीनेच तिच्यासाठी शब्द टाकला होता. सूक्ष्मदर्शकही तिनेच शिकवला. वाटलं होतं, वर्ष जाईल. धाकटीने तो पंधरा दिवसांत आत्मसात केला.

नवे डॉक्टर म्हणू लागले, "धाकट्या बाईंकडे द्या, लवकर होतं." घरी जेवताना सासरे म्हणाले, "आपली धाकटी भारीच हुशार निघाली हो!" एकोणीस वर्षांत त्या घरात थोरलीला हे कुणी म्हटलं नव्हतं.

मग धाकटीने नुसतं गुणगुणत फोकस लावला तरी थोरलीच्या अंगाची लाहीलाही होई. सकाळी लवकर येऊन ती भिंगांचं अंतर मुद्दाम बिघडवून ठेवी. धाकटी गुणगुणतच ते पुन्हा जुळवी. त्याने तर आणखीच जळफळाट होई.

एके दिवशी दुरुस्तीवाला सूक्ष्मदर्शक साफ करून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने सवयीप्रमाणे आधी, रंग बरोबर दिसतात ना हे पाहायची, खात्रीची स्लाइड लावली. तिच्यावर युरिक ॲसिडच्याच सुया होत्या, पण बाणाच्या रेषेतली सुई निळी दिसत होती. तिसरी काच चौकटीत पाव वळसा फिरून बसली होती. बाण आता खोटं बोलत होता.

तिने स्लाइड काढली, खणात ठेवली आणि खण लावला. चुकू दे एकदा, तिला वाटलं. कळू दे सगळ्यांना.

अकरा वाजता एका म्हाताऱ्या माळ्याच्या गुडघ्यातलं पाणी आलं. धाकटीने पाहिलं, लिहिलं, रिपोर्ट गेला. थोरली समोर बसून रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली. दुपारी डबा उघडला.

हात धुवायला ती बाहेर आली तर माळी बाकावर पाय लांब करून बसलेला. "बाई, माझं गाऊट नाही निघालं," तो खुशीत म्हणाला. "डॉक्टरांनी त्याची गोळी बंद केली. आता मटण खायला मोकळा!"

ती तशीच ओल्या हातांनी डॉक्टरांच्या खोलीत गेली. "रिपोर्ट उलटा आहे. काच फिरली आहे. मला सकाळपासून माहीत होतं."

माळ्याला परत बोलावलं. गोळी पुन्हा सुरू झाली. धाकटीने काच सरळ करून स्लाइड पुन्हा पाहिली; आता सुई पिवळी दिसत होती.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू चुकावीस म्हणून."

धाकटी उठली आणि नळावर जाऊन उभी राहिली. पाणी कितीतरी वेळ वाहत होतं.

डॉक्टरांनी थोरलीला लेखी समज दिली आणि सूक्ष्मदर्शक काढून घेतला. ती लघवी तपासायच्या टेबलावर गेली. धाकटीने घरी अवाक्षर काढलं नाही, पण घरी असो की कामावर, थोरलीशीही बोलली नाही. सासऱ्यांपुढे धाकटीने तिची लाज राखली, याचाही थोरलीला हेवा वाटला. आपल्याला हे जमलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी धाकटीची हाक आली. "ताई, जरा बघता का? एकच स्फटिक आहे, तोही फिकट."

थोरलीने डोळा लावला. स्लाइडखालचा मंच हळूहळू फिरवला. बाणाच्या रेषेत निळा, आडवा केला की पिवळा. "तू काय लिहिलंयस?"

"गाऊट नाही."

क्षणभर थोरलीला वाटलं, म्हणावं, मला नाही तसं वाटत.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे परत गेली.