न्हाणीचं दार आणि कब्ज्याचा रंदा

चाळीस वर्षं लोकांची दारं बसवली. गेल्या महिन्यात स्वतःच्या न्हाणीचं दार बसवायला घेतलं आणि अब्रू गेली.

जुनं दार खालून कुजलं होतं. माझा मुलगा गोंदियात दुकानात कामाला आहे. बायको जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून तो मागे लागला आहे की गाव सोडा, आमच्याकडे राहायला या. कुजलेलं दार पाहून त्याला निमित्तच मिळालं.

“एकटे राहून काय करून राहिले, बाबूजी? तुमच्यानं आता एक दार होत नाही.”

मला राग आला. म्हणालो, “रविवारी ये. दार नीट बसलेलं नाही दिसलं, तर तुह्यामागं गाडीवर बसतो.”

कब्जा म्हणजे बिजागरी. तिचं पान लाकडात सपाट बसावं म्हणून खाच करावी लागते. लोक ती पटाशीनं खोदतात. माझ्याकडे त्यासाठी खास रंदा आहे, मीच बनवलेला. वीतभर लांब, मधोमध पातं, पात्याच्या मागेपुढे उघडा, म्हणजे खाचेचा तळ दिसावा. रंदा उघडा ठेवला आणि पुढे डोळेच अधू झाले. हातांचं तर विचारू नका, घट्टे पडून काही जाणवतच नाही. उकळतं भगोणं मी तसंच उतरवतो, ओरडतो तो पाहणारा.

खाच पाहायचं काम बायको करायची. मी रंदा फिरवायचो, कब्जा खाचेत ठेवायचो आणि हाक मारायचो. ती चुलीपासून उठून यायची, अंगठ्याचं नख लाकडावरून लोखंडावर ओढायची.

“अटकते जी अजून.”

मी आणखी दोन हात मारायचो.

“आता नाही अटकत. बस करा, नाही तर आरपार कराल.”

गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रीचा हात साफ आहे. मी मान डोलवायचो. नखाचं नाव कधी काढलं नाही. एवढा मोठा मिस्त्री बायकोच्या नखावर चालतो, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

शनिवारी सकाळी काम घेऊन बसलो. रंदा फिरवला, कब्जा ठेवला आणि सवयीनं हाक मारली. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, “कोणाले बोलावून राहिले, भाऊजी?”

“बकरीले.”

माझ्याकडे बकरी नाही. तिला माहीत आहे.

मग आपलंच नख ओढून पाहिलं. काही कळेना. शंका आली की रंदा फिरवायचा, फिरवला की पुन्हा शंका. तीन खाचा केल्या. चिखलात म्हैस बसावी तसे कब्जे आत जाऊन बसले. स्क्रू पिळले, दार ओढलं. बोटभर उरलं असताना ते अडलं, आणि हात काढला तसं परत उघडलं. कब्जा जास्त खोल गेला की असंच होतं. यावरून मी दुसऱ्या मिस्त्र्यांना जन्मभर हसलो आहे. डोक्यावर बिरसीच्या विमानशाळेचं विमान घिरट्या घालत होतं. तिकडे शिकाऊ लोक विमान उतरवून राहिले, आणि इकडे मला दार लावता येईना.

रविवारी मुलगा आला. त्यानं दार ढकललं. दार परत आलं. त्यानं पुन्हा ढकललं.

“हे काय होय, बाबूजी?”

“हवा खेळावी म्हणून.”

“न्हाणीत?”

तो हसला असता तर बरं झालं असतं. नाही हसला. घरात जाऊन माझी धोतरं पिशवीत भरायला लागला. खुंटीवर त्याच्या आईचं लुगडं अजून तसंच आहे. तिथं त्याचा हात थांबला. ते भरावं की राहू द्यावं, त्याला सुचेना. मलाही सुचलं नाही.

मी म्हणालो, “येतो म्हणालो तर येतो. पण असं दार मागं ठेवून येऊ काय? गाव थुंकन माह्यावर. दार नीट करतो, मंग येतो.”

“किती दिवस लागन?”

“डोळे अधू हायेत. लागतीन.”

त्यानं पिशवी खाली ठेवली.

खोल खाचेवर उपाय सोपा आहे. कब्ज्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, पंधरा मिनिटांचं काम. पुठ्ठा घरात आहे. आज महिना होत आला, मी त्याला हात लावलेला नाही.

रोज सकाळी मुलाचा फोन येतो. “बसलं काय दार?”

“नाही बसलं.” यात खोटं काही नाही.

कालही तेच झालं. तो म्हणाला, “रविवारी येऊन पाहतो.”

“पाह्य,” म्हणालो. “येताना आंगाचं साबण घेऊन ये, संपलं हाय.”