तिसरं कडवं

इथे परदेशात, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथी घेता घेता मी त्याचं गाणं ऐकायचे. पश्चिम आफ्रिकेतला रेगे गायक, पन्नाशीचा. तिकडे म्हणे त्याच्या गाण्याला मैदानं भरायची. इथे सगळे जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा, फटफटवत हिंडतात. हा मात्र बुटांना दुहेरी गाठ मारून, भिंतीला पाठ लावून, फाटकावर नजर ठेवून गायचा. एक गाणं तर नेहमी दोन कडव्यांवरच सोडायचा. मला चौकशीची खोड, विचारलंच.

"तिसरं कडवं मंत्र्यांवर आहे," तो म्हणाला. "ते सुरू झालं की आमच्याकडे पोलीस स्टेजवर चढायचे. मग पळायचं."

एका रविवारी दुसरं कडवं संपत असतानाच एक पोलीस समोर येऊन उभा राहिला. गिटारवरची बोटं थबकली. मी मेथीची जुडी उगाच घट्ट धरली.

"किया ओरा," पोलीस इथल्या पद्धतीने नमस्कार करत म्हणाला. "पुढचं म्हणा ना."

गायकाने फाटकाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. आणि कापऱ्या आवाजात तिसरं कडवं म्हटलं, पोलिसावरची नजर न काढता. पोलीस पायाने ठेका धरत होता.

पुढच्या रविवारी गायक जँडल्स घालून आला. बूट मात्र शेजारीच ठेवले होते, नाड्या सैल करून, पाय चटकन आत जाईल असे.