कॅप्टनला नीट मारायचंय

मालिकेतल्या गोष्टी संपल्या की मालिकेच्या ऑफिसातल्या सुरू होतात. आमच्या 'नभयात्री'तल्या कधीच्याच संपल्यात, त्यामुळे माझ्याकडे किस्से भरपूर आहेत.

भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एका वन बीएचकेमध्ये बसून आम्ही कॅप्टन भार्गवला अंतराळात फिरवतो. आम्ही म्हणजे मी आणि सावंत सर. सर पहिल्या भागापासून लिहितायत. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने त्यांना सुचवलं, की कॅप्टनचा दुष्ट जुळा भाऊ आणू या.

"झालाय. दोनदा."

मग जुळी बहीण, मी म्हटलं. सर म्हणाले, ती सध्या चालूच आहे. आणि चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाले, "मला या माणसाला एकदाच नीट मारायचंय. मग मी गुहागरला जायला मोकळा."

*

मारण्यात अडचण नव्हती. दर सीझनला मारत होतोच. अडचण आमच्या निर्मात्यांची, म्हणजे मेहता शेठची. त्यांचं ठरलेलं वाक्य, "सावंतभाई, मारून टाका. पण सोमवारी जिंदा पायजे."

अशाच एका सोमवारसाठी सरांनी स्मृतिकोष काढला. कॅप्टनचं अख्खं मन एका यंत्रात भरून ठेवायचं. तो मेला की यंत्रातलं मन नव्या शरीरात ओतायचं, कॅप्टन हजर! सेटवरचं सामान पुरवणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याने केबिन रोडच्या भांड्यांच्या दुकानातून एक स्टीलचा डबा आणला आणि त्याला निळा दिवा लावला. तेव्हापासून कॅप्टन कुठेही निघाला की डबा हातात. प्रेक्षकांना वाटे केवढं तंत्रज्ञान, आम्हाला वाटे हा ड्युटीवर निघालाय.

*

ग्रह आमच्याकडे एकच. काशिमीऱ्याच्या शेडमधला. लाल दिवे लावले की अग्निग्रह, हिरवे लावले की विषारी. सगळे रंग वापरून झाले तेव्हा शेठनी सगळेच दिवे बंद करायला लावले आणि अंधाराचा ग्रह निघाला. तो हिट झाला, वर लाइटबिल वाचलं.

बर्फाच्या ग्रहासाठी मात्र आम्ही भाईंदरच्या मिठागरावर गेलो. कॅप्टन झालेले म्हात्रे तिथलेच, मिठागर त्यांच्या घरच्यांचं. तो भाग लागला तेव्हा त्यांच्या काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या. कॅप्टन थंडीने कुडकुडत मरायला टेकला, तरी काकूंना दया आली नाही. "बरफ न्हाय तो. आपलंच मीठ हाय."

*

याच काकूंचा आणखी एक किस्सा. एका मृत्यूच्या सीनसाठी म्हात्रेंचा हार घातलेला फोटो केला होता. पॅकअपनंतर काच फुटू नये म्हणून कुणीतरी तो टेम्पोवाल्याकडून त्यांच्या घरी पाठवला, आणि म्हात्रे मागेच राहिले.

ते घरी पोचले तर अंगणात शेजारीपाजारी जमलेले. म्हात्रे धावतच आत शिरले, फोटो पाहून घरच्यांचं काय झालं असेल म्हणून. पण आत सगळे निवांत चहा पीत होते. काकूंनी त्यांच्याही हातात कप दिला. "कोन रडला न्हाय. तू परत येतूस दरवेली, ठाव हाय आम्हाला."

म्हात्रे फार दुखावले. दुसऱ्या दिवशी सरांना येऊन म्हणाले, मला आता खरंच मारा.

*

मध्ये शेठनी एआय घेतलं. जुने सगळे भाग त्याला खाऊ घातले आणि अगदी नवीकोरी गोष्ट मागितली. त्याने लिहिलं, कॅप्टनची स्मृती जाते आणि त्याला जुळा भाऊ भेटतो.

सरांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं. "चला, तोही दमला."

*

शेवटी यंदा शेठ पाघळले. एकच शेवट, जसा हवा तसा लिहा म्हणाले. सरांनी जीव ओतून लिहिला. यान सूर्यात कोसळतं. जुळी भावंडं यानात, कॅप्टन यानात, डबा कॅप्टनच्या हातात. फट म्हणून ठेवली नाही. शूटिंग संपल्यावर म्हात्रेंनी सरांच्या पाया पडून तिथल्या तिथे मिशी उतरवली.

एडिट झालेला भाग आम्ही ऑफिसातच पाहिला. सूर्य विझल्यासारखा पडदा काळा झाला आणि मी चक्क रडले. म्हात्रेही रडले. शेठनी डोळे पुसले, सरांना मिठी मारली आणि म्हणाले, हा काही आता परत येत नाही. मालिका संपली. सरांच्या खिशात गुहागरच्या बसचं तिकीट होतं.

शेठ दारात जाऊन बूट घालायला लागले. म्हात्रे नव्या तोंडावरून हात फिरवत होते. सरांनी हौसेने भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला आणि कॅप्टन यानाच्या पायऱ्या चढतो तिथे थांबवला. एक हात कठड्यावर, दुसरा सलाम करतोय. सर स्क्रीनच्या जवळ गेले. मीही पाहिलं आणि मनात म्हटलं, सर, बोलू नका. प्लीज बोलू नका.

सरांनी बसचं तिकीट खिशातून काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"शेठ, बूट काढा. डबा घरीच विसरलाय तो."