सिद्धाप्पांच्या वहीतला तिसरा रकाना

मुरुमच्या स्टँडवर आषाढभर एकच बातमी चालली होती: सिद्धाप्पा प्रेमात पडलेत. वय त्रेसष्ट, बाजारपेठेत विभूती-कापूर-शिवदाऱ्याचं दुकान, कपाळावर तीन पट्टे ओढल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस, आणि प्रेमात. तेही इंग्रजीत. कटिंग-दाढीवाल्या बजरंगदादानं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. अप्पा दुकानामागच्या लिंबाला पाठ लावून एकटेच म्हणत होते, ‘‘आय मिस यू. डू यू मिस मी? आर यू सीइंग समवन?’’

बातमी पसरवण्यात माझाही हात आहे. बजरंगदादा नुसतं सांगायचा, मी करून दाखवायचे. अप्पांचा आवाज नाकातून निघतो आणि प्रत्येक शब्दानंतर एवढा थांबतो, की मधल्या वेळात उमरग्याची बस लागून सुटावी. ‘‘आय... मिस्स... यू. म्हंजे?’’ त्या ‘म्हंजे’वर हमखास हशा पडायचा. अप्पांच्या घरी शिवगंगाकाकूंच्या कानावर गेलं, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘‘बोलू द्या की. माझ्याशी चाळीस वर्षांत ‘मीठ कमी हाय’च्या पुढं गेले न्हाईत. कुठं तरी तोंड उघडलं म्हणायचं.’’

तर प्रेमबिम काही नव्हतं. ती वाक्यं अप्पांना मीच शिकवत होते.

दुकान हे अप्पांचं नावापुरतं काम. एकतीस वर्षं ते सोयरिकी जुळवतात. कर्नाटकाच्या सीमेअलीकडं मुरुम-उमरगा, पलीकडं आळंद-बसवकल्याण. इकडं मराठी, तिकडं कानडी. त्यांची एक लांबट वही आहे. तिच्यात दोन रकाने, मराठी आणि कानडी, आणि लोक सोयरिकीच्या वेळी जे जे बोलतात ते सगळं त्यात उतरवलेलं. प्रत्येक वाक्यासमोर एकच खूण: हो, नाही, किंवा थांबा. ‘मुलगी अजून शिकतीय’: नाही. ‘श्रावण होऊ द्या’: नाही. ‘नोडोणरी’, म्हणजे बघू या की: कानडीतलं नाही. ‘आजीला विचारून सांगतो’: हो, कारण आजीला कोण विचारतंय. माणूस काय बोलला ह्यावर अप्पा कधीच गेले नाहीत. तोंडभरून ‘या या, बसा बसा’ करणारं घर नकार देणार, हे ते चपला काढायच्या आधी ओळखतात.

पण आता पोरंपोरी बघण्याच्या कार्यक्रमानंतर दोन-चार महिने फोनवर बोलतात आणि अप्पांना उत्तर इंग्रजीत देतात. ‘वुई आर जस्ट टॉकिंग, अप्पा.’ ‘लेट्स टेक इट स्लो.’ म्हणून अप्पांनी वहीत तिसरा रकाना आखला आणि एबीसीडीपासून शिकवायला मला धरलं.

‘‘राजी, ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’. हे हो का नाही?’’

‘‘हो बी न्हाई, नाही बी न्हाई.’’

‘‘मग बोलायचं कशाला?’’

‘‘टाइम काढायला.’’

‘‘असं म्हण की. थांबा.’’ आणि ते खूण करायचे. ‘आय नीड स्पेस’समोर त्यांनी माझ्याशी अर्धा तास वाद घालून ‘नाही’ लिहिलं. ‘इट्स नॉट यू, इट्स मी’ ऐकून तर ते चक्क खूश झाले. ‘‘हे आपलंच हाय. पोरगी लई चांगली हाय, आमचंच नशीब न्हाई. नाही!’’

एवढी सगळी धावपळ एका सोयरिकीसाठी होती, आणि ती माझ्याच घरातली होती. माझी चुलत बहीण भुवनेश्वरी, आमची भुवीअक्का, उमरग्याला फार्मसीला आहे. रोज एसटीनं जाऊन येऊन. तिला आळंदकडचं मल्लेशचं स्थळ अप्पांनीच आणलं. मुलगा कलबुर्गीत नोकरीला, उंच, गोरा, बोलायला मधाळ. चार महिने फोनवर बोलणं चाललं होतं. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी याद्या ठरल्या. याद्या म्हणजे दोन्हीकडचे पाच-पाच जण बसून देणं-घेणं, तारीख, मानपान कागदावर घालतात आणि सुपारी फोडतात. सुपारी फुटली की माघार नाही. आमच्यात याद्या मोडलेल्या मुलीला पुढं दहा वर्षं ‘तीच ना ती’ म्हणून ओळखतात.

याद्यांच्या चार दिवस आधी अप्पांनी भुवीअक्काला विचारलं होतं, ‘‘बाळ, समदं बरं हाय न्हवं?’’ ती म्हणाली, ‘‘ऑल गुड, अप्पा.’’ अप्पांनी माझ्याकडून अर्थ विचारून घेतला आणि तिसऱ्या रकान्यात ठळक ‘हो’ लिहिलं. मराठीत आणि कानडीत कुणाच्या शब्दावर कधी विश्वास न ठेवलेल्या माणसानं इंग्रजीत मात्र पहिल्याच वाक्यावर ठेवला. मलाही काही खटकलं नाही. मी तर हसत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी मी दुकानात मल्लेशची नक्कल केली. अक्का फोन स्पीकरवर ठेवून अभ्यास करायची, त्यामुळं त्याचा आवाज माझ्या जिभेवर बसला होता. मऊ, हळू, शेवटचा शब्द जरा दाबून. ‘‘बेबी, हूज दॅट? कुणाचा आवाज आहे? व्हाय आर यू ऑनलाइन? सेंड मी युवर लाइव्ह लोकेशन. नाउ.’’

बजरंगदादा खुर्चीवरून पडायचा बाकी होता. अप्पा हसले नाहीत.

‘‘पुन्हा कर.’’

मी केलं.

‘‘शेवटचं काय?’’

‘‘लाइव्ह लोकेशन. म्हंजे ती कुठं हाय ते त्याला मोबाइलवर दिसत राहतं.’’

‘‘दिवसातून कितीदा मागतो?’’

‘‘बसमध्ये बसली की. उतरली की. कॉलेजात. परत येताना.’’ सांगता सांगता माझाच आवाज खाली आला. ‘‘परवा बस यायला उशीर झाला तर स्टँडचा व्हिडिओ काढून पाठवायला लावला.’’

अप्पांनी कापराची बरणी बंद केली. झाकण नीट बसलं होतं, तरी दोनदा फिरवलं. ‘‘अक्काला बोलव.’’

ती आली. वहीकडं बघत उभी राहिली. अप्पा म्हणाले, ‘‘बाळ, ऑल गुड म्हणलीस. खरं काय ते सांग.’’

‘‘मराठीत सांगून बघितलं, अप्पा,’’ ती म्हणाली. ‘‘आईला म्हणलं, सारखं विचारतो कुठं हाईस. आई म्हणली, नशीब काढलंस, तुझ्या बापानं मला कधी विचारलं न्हाई. म्हणलं, वर्गातल्या मुलांचे नंबर डिलीट करायला लावले. म्हणली, जीव हाय त्याचा तुझ्यावर. मराठीत काय बी सांगा, त्याची काळजीच बनती.’’ मग एकदम, एका श्वासात: ‘‘आय डोन्ट फील सेफ विथ हिम.’’

अप्पांनी मला अर्थ विचारला नाही. वाक्य तसंच्या तसं देवनागरीत लिहिलं. समोर खूण करायला पेन उचललं आणि ठेवून दिलं.

ती गेल्यावर मी म्हणाले, ‘‘आता तुमी जाऊन सांगणार, मुलगी अजून शिकतीय.’’

‘‘तिचंच वाक्य सांगेन.’’

‘‘बैठकीत? पाव्हण्यांसमोर? एकतीस वर्षांत एक सोयरीक मोडली न्हाई म्हणून छाती काढून फिरता तुमी. जमायचं न्हाई, अप्पा.’’

‘‘लाव पैज.’’

‘‘लावली. तुमी हरला तर स्टँडवर सगळ्यांपुढं ‘आय मिस यू’ म्हणायचं, मोठ्यानं.’’

‘‘आन् तू हरलीस तर दिवाळीपतोर माझा आवाज तोंडातनं काढायचा न्हाई.’’

मी हसून हात दिला. पैज मी जिंकल्यातच जमा होती.

त्या चार दिवसांत अप्पा दोनदा पंचाक्षरीकाकांच्या आडतीवर गेले. पंचाक्षरीकाका म्हणजे अक्काचे वडील. दोन्ही वेळा काकांनी ‘‘अप्पा, मंडपाचं बघायचंय, मग बोलू’’ म्हणून हात जोडले. वहीप्रमाणं: नाही.

सोमवारी दोन जीप भरून पाव्हणे आले. सतरंजीवर एका बाजूला काका आणि आमचे लोक, दुसऱ्या बाजूला मल्लेश, त्याचे वडील, आणि आवाजानंच बैठक ताब्यात घेणारा त्याचा मामा. मध्ये पितळी ताट, हळदकुंकू, सुपारी आणि अडकित्ता. मी आणि अक्का आतल्या दारात. अक्काचा फोन बाहेर टीव्हीजवळ चार्जिंगला.

अप्पांनी यादी वाचली. सगळं सुरळीत. त्यांचा एक रिवाज आहे: यादी संपली की तीनदा विचारायचं, ‘‘कुणाचं काय राहिलंय का?’’ कधीच कुणी काही म्हणत नाही, तिसऱ्यांदा विचारलं की सुपारी.

‘‘कुणाचं काय राहिलंय का?’’ काकांनी ताट पुढं सरकवलं.

‘‘कुणाचं काय राहिलंय का?’’ मामानं अडकित्ता उचलला.

तिसऱ्यांदा अप्पा थांबले. त्यांचं ते नेहमीचं थांबणं, ज्याची मी महिनाभर टर उडवली. आज कुणी हसलं नाही. माझ्या मनगटात अक्काची नखं रुतली होती.

‘‘कुणाचं काय राहिलंय का?’’ अप्पा म्हणाले, आणि स्वतःच उत्तर दिलं, ‘‘राहिलंय. पोरीचं राहिलंय. ती म्हणती, आय... डोन्ट... फील... सेफ... विथ हिम.’’

‘‘एनंद्री?’’ मामा म्हणाला. काय म्हणालात?

अप्पांनी त्याला कानडीत सांगितलं, ‘‘हुडुगीगे अंजिकी आगतद.’’ मग काकांकडं वळून मराठीत, ‘‘पोरीला त्याची भीती वाटती, पंचाक्षरी.’’

काकांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. ‘‘अप्पा, काय बोलताय? कुठं बसलाय ते तर बघा.’’

मल्लेश हसला. तोच मऊ आवाज. ‘‘काका, शी इज जोकिंग. तिला बोलवा ना. भुवी?’’

अक्का हलली नाही. आणि टीव्हीजवळ तिचा फोन थरथरला. परत थरथरला. मग थांबेचना, लाकडी फळीवर घरघर, घरघर. मल्लेशचा उजवा हात उपरण्याखाली होता.

अप्पा गुडघे धरून उठले. फोन उचलून डोळ्यांजवळ नेला, आणि माझ्याकडून शिकलेल्या अक्षरांवर बोट ठेवत, त्यांच्याच नाकातल्या आवाजात मेसेज वाचायला लागले. ‘‘कम... आऊट. म्हंजे बाहेर ये. से... यू आर... जोकिंग. म्हंजे चेष्टा केली म्हण.’’ फोन हातात परत थरथरला. ‘‘कम आऊट... नाउ. म्हंजे आत्ताच. यू... विल... रिग्रेट... धिस.’’ ते अडले. हा शब्द मी शिकवला नव्हता. ‘‘राजी, रिग्रेट म्हंजे?’’

माझ्या तोंडातून कुणाचाच आवाज निघेना. माझाच निघाला, बारीक. ‘‘म्हंजे, तुला पस्तावावं लागंल.’’

अप्पांनी तेही कानडीत करून मामाला सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, एकही मऊ केला नाही.

मग मल्लेशचे वडील, जे आल्यापासून गप्प होते, उठले आणि मुलाच्या उपरण्याखालचा फोन काढून स्वतःच्या खिशात घातला. ‘‘नडी,’’ म्हणाले. चल. मामा दारापर्यंत ओरडत गेला, मध्यस्थ कसला, घरं मोडणारा म्हातारा म्हणून. जीपा गेल्या. ताटात सुपारी अख्खीच होती.

काका सतरंजीवर बसून राहिले. अप्पांनी वही काखेत मारली, चपला शोधल्या. तेवढ्यात अक्का बाहेर आली, आणि पाव्हण्यांसाठी भरलेला चहाचा पहिला कप तिनं अप्पांसमोर ठेवला. काकांनी तो उचलून अप्पांच्या हातात दिला. ‘‘बसा,’’ म्हणाले. एवढंच.

पुढं अप्पांची दोन स्थळं फिरली. आळंदकडं त्यांचं नाव घेतलं की लोक दार लावतात म्हणे. अक्काला ‘तीच ना ती’ म्हणायला सुरुवात झालीय, आणि ती रोज त्याच एसटीनं उमरग्याला जाते, फोन पिशवीत तळाला टाकून.

दिवाळीला अजून सतरा दिवस आहेत. स्टँडवर रोज कुणी ना कुणी म्हणतं, ‘‘राजे, अप्पा कर की.’’ मी तोंड मिटून उभी. काल तर अप्पा स्वतः तिथं आले, वही उघडली, आणि एका श्वासात, न थांबता, चिरक्या आवाजात म्हणाले, ‘‘जमायचं न्हाई अप्पा, जमायचं न्हाई!’’

हुबेहूब मी. अख्खं स्टँड हसलं, बजरंगदादा सगळ्यात मोठ्यानं. मला तर उत्तरही देता येईना, कारण ते देण्यासाठी जो आवाज लागतो तो मी पैजेत हरले होते.