बंकटतात्यांचा झिरा

बंकटतात्यांची उभी हयात सहकारी दूध संघात गेली. काम एकच: काचेच्या नळीतल्या दुधात निळ्या औषधाचे थेंब टाकायचे आणि वाट बघत बसायचं. दुधात जंतू असले की निळा रंग उडतो. जंतू जितके जास्त, तितका लवकर. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, संघाला कुलूप लागलं, आणि तात्या त्या औषधाची उरलेली बाटली घेऊन घरी बसले.

बीडमधली त्यांची गल्ली बिंदुसरेच्या काठाला. नदी ठणठणीत कोरडी. तात्यांनी पात्रातल्या वाळूत झिरा खणला; खड्ड्यात हळूहळू पाणी पाझरलं. गल्लीला पाजण्याआधी पाणी नळीत घेऊन त्यात निळे थेंब टाकले. दिवस मावळला तरी रंग हलला नाही.

"प्या बिनधास्त," तात्या म्हणाले. इतकं ठासून ते जन्मात कधी बोलले नव्हते.

दोन महिने गल्ली त्या पाण्यावर जगली. मग मे महिन्यात एका दुपारी वळीव कोसळला. गटारांत, उकिरड्यांवर सुकून बसलेली घाण धुऊन नदीत उतरली. सकाळी झिरा काठोकाठ भरलेला, पाणी वरून नितळ. तात्यांनी सवयीनं नळी भरली. जेवणवेळेच्या आत निळा रंग उडाला.

तात्या पळतच झिऱ्यावर गेले. "हे पाणी नेऊ नका!"

"कावून?" शेजारच्या सावित्रीबाईंनी घागर कमरेवर घेतली. "तुमीच म्हणलतं ना, बिनधास्त प्या?"

"तवा ऊन होतं. आता गटार उतरलंय ह्यात. टँकर येईस्तोवर दम धरा."

"टँकरचं तोंड बघून आठ दिस झाले!"

रांगेतला सटवा हसला. "तात्या, हे काय दूध हाय व्हय, नासायला?"

सगळे हसले.  तात्या घराकडं वळले.

दारातच त्यांची बायको छबुबाई म्हणाली, "आज पयला नंबर माझा. पहाटंच रांजण भरला."

"उकळलंस का?"

"आपलाच झिरा, अन् कावून उकळू?"

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गल्लीतली सातजणं होती. सहा परत आली. छबुबाई आली नाही.

पुन्हा ऊन तापलं, झिरा तळाला गेला. तेराव्यानंतर तात्यांनी झिऱ्याकाठीच बसून नळी भरली, थेंब टाकले. दिवस मावळेपर्यंत पाणी निळंच राहिलं.

मागं सावित्रीबाई रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. "तात्या, भरू का?"

तात्या नळीकडं बघत राहिले. सावित्रीबाईंनी थोडी वाट पाहिली, मग खाली बसून वाटीवाटीनं घागर भरू लागल्या.