तिच्या आईला सांगायचं वाक्य

आमचे हे कडा गावच्या साखर कारखान्यात पॅनवर होते, म्हणजे उसाच्या रसाची साखर पाडायच्या कामावर. इथिओपियातल्या एका कारखान्यानं त्यांना दोन वर्षांसाठी बोलावलं, तेव्हा मीही सोबत गेले. तिथल्या कॉलनीत आमच्या शेजारी एक शिक्षिका एकटी राहायची. ती त्या देशाच्या उत्तरेकडची. म्हातारी आई तिकडंच, गावी.

ओळख झाली ती भाकरीमुळं. तिथल्या बाजारात ज्वारी मिळते हे कळल्यावर मी ती दळून आणली आणि त्याच सकाळी भाकरी थापायला बसले. आवाज ऐकून ती कुंपणाशी आली. ज्वारी तिकडचे लोकही खातात, पण पीठ पातळ करून, आंबवून. परातीतली भाकरी न मोडता तव्यावर कशी जाते, हे तिला बघायचं होतं. तिच्या पहिल्या तिन्ही मोडल्या. आम्ही त्या दुधात कुस्करून खाल्ल्या. मग दर रविवारी ती यायला लागली. इंग्रजी दोघींचंही मोडकंतोडकं, पण कधी अडलं नाही.

दुसऱ्या वर्षी उत्तरेत तिच्या लोकांची सरकारशी लढाई पेटली. तिकडचे फोन बंद झाले. कॉलनीतल्या बायका तिला बघून आत जायला लागल्या. शाळेनं तिला घरी बसायला सांगितलं. एकदा पोलीस घरोघर ओळखपत्रं बघत फिरले. बाकीच्यांची परत दिली, तिचं सोबत नेलं.

हे म्हणाले, "तिच्याकडं जानं कमी कर."

"कावून? तिनं काय केलंय?"

"काय बी केलं न्हाई. पर आपुन परक्या मुलखात हाव. उद्या आपल्याला धरलं तर कोन सोडवायला येनार हाय?"

मी जाणं कमी केलं. रविवारी ती कुंपणाशी उभी दिसली, की मी आत काहीतरी काम काढून बसायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हल्ली इकडंही आडनाव विचारून मग बोलणारी माणसं भेटतात, तेव्हा मला माझीच लाज वाटते.

मुदत संपली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं गेले. तिनं तक्रार केली नाही. चहा केला, आईचा नंबर लिहून दिला.

"बाहेरच्या देशातून कदाचित आधी लागेल," ती म्हणाली. "तिला एवढंच सांग, तुमची मुलगी सुखरूप आहे."

ते वाक्य तिच्या भाषेत मी आपल्या अक्षरांत लिहून घेतलं. तिनं ते दहा-बारा वेळा म्हणवून घेतलं. एक शब्द मला काही केल्या जमेना, तेव्हा ती हसली.

कड्याला आल्यावर रोज दुपारी भांडी झाली की मी तो नंबर लावायची. लागायचा नाही. काही महिन्यांनी तिचा स्वतःचाही फोन बंद लागायला लागला. ह्यांनी तिथल्या कामावरच्या एका जोडीदाराकडं चौकशी केली. तो म्हणाला, तिला गाडीत घालून नेलं. कुठं ते माहीत नाही. घरात आता दुसरं कुटुंब राहतं.

तरी मी नंबर लावत राहिले. वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी रिंग गेली. पलीकडं म्हातारा, बारीक आवाज.

मी ते वाक्य म्हटलं. खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं.

ती रडत पुष्कळ बोलली. त्यातलं मला फक्त मुलीचं नाव कळलं. शेवटी तिनं काहीतरी विचारलं आणि थांबली. मला दुसरं वाक्य येत नव्हतं.

हे दारात उभे होते. "काय म्हनली?"

"कळलं न्हाई."

"मंग तू काय सांगितलं?"

"तिनं सांगायला लावलं ते."



अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी म्हातारीचा फोन येतो. ते वाक्य पुन्हा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ती बोलते, मी ऐकून घेते. ती ठेवेपर्यंत मी फोन ठेवत नाही.